वेंगुर्ल्यास चार दिवस



जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यांत तीर्थपुरी नांवाचें गांव आहे. नांवांत तीर्थ असलें तरी समुद्र तेथून शेंकडों किलोमीटर दूर. अशा गांवीं वाढलेल्या माणसाच्या ओळखीचा समुद्र हा बहुधा पोथींतला असतो. अगस्तीनें प्राशन केलेला, देवदानवांनीं घुसळलेला. प्रत्यक्ष समुद्र पाहण्याचा योग अनेकांना उतारवयाच्या उंबरठ्यावर येतो, आणि तोहि मुंबईस कांहीं कामानिमित्त गेलें असतां, गर्दींत उभें राहून, हातांतील पिशवी सांभाळीत. अशा रीतीनें पाहिलेला समुद्र पाहिला न पाहिल्यासारखाच. आजचें हें भाषण समुद्रापाशीं चार दिवस स्वस्थपणें राहूं इच्छिणाऱ्या कुटुंबांकरितां आहे. आणि त्यासाठीं मीं जें गांव निवडलें आहे तें सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील वेंगुर्लें.

निवांत गांवीं पाहण्यासारखें असतें तरी काय, असें कोणी विचारील. माझें उत्तर असें कीं, तेथील माणसांचें काम पाहण्यासारखें असतें. जेथें करमणुकीचीं दुकानें थोडीं, तेथें गांवाचा नित्याचा व्यवहार झांकला जात नाहीं. जाळें ओढणें, मीठ गोळा करणें, काजू सोलणें, देवापुढें नाटक करणें, हीं सारीं कामें वेंगुर्ल्याच्या परिसरांत उघड्यावर चालतात. पाहुण्यानें पाहण्याची सवड मात्र बरोबर आणली पाहिजे.

जावयाचें कसें, तें आधीं सांगतों. जालन्याहून आगगाडीनें मुंबई गांठावी व तेथून कोंकण रेल्वेनें कुडाळ किंवा सावंतवाडी रोड या स्थानकावर उतरावें. तेथून वेंगुर्लें वीस-पंचवीस किलोमीटरांवर आहे. ज्यांना वाटेचाहि आनंद घ्यावयाचा असेल त्यांनीं कोल्हापूर, आजरा, आंबोली या मार्गानें यावें. काळ्या मातीच्या सपाट मुलखांतून निघालेला माणूस आंबोलीच्या घाटाच्या माथ्यावर येतो आणि पाहतां पाहतां माती तांबडी होते, हवा दमट होते, घरांवर मंगळोरी कौलें दिसूं लागतात व भिंती जांभ्या दगडाच्या. हा दगड खाणींतून काढतांना मऊ असतो, म्हणून तो विटेसारखा तासतां येतो. वारा व ऊन लागल्यावर तो टणक होत जातो. ऋतु म्हणाल तर मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंतचा उत्तम. पावसाळ्यांत कोंकण नेत्रसुखद असतें, पण समुद्र त्या दिवसांत दुरून नमस्कार करण्याच्या योग्यतेचा असतो.

वेंगुर्ल्याची शांतता ही मूळची नव्हे, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. सतराव्या शतकांत हें पश्चिम किनाऱ्यावरील एक गजबजलेलें बंदर होतें. १६३७ च्या सुमारास डचांनीं विजापूरकरांच्या परवानगीनें येथें वखार घातली. गोव्याच्या पोर्तुगीजांची समुद्रांतून कोंडी करणाऱ्या डच गलबतांना गोडें पाणी, तांदूळ व ताजी सामुग्री येथूनच मिळे. तावेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याच्या प्रवासवर्णनांत या गांवाचा उल्लेख मिंग्रेला या नांवानें येतो. त्या धामधुमीच्या शतकांत गांव एकाहून अधिक वेळां जळालें व पुन्हां उभें राहिलें. १८१२ सालीं तें सावंतवाडीकरांकडून इंग्रजांकडे गेलें. पुढें बेळगांवच्या छावणीस समुद्राशीं जोडणारा रस्ता आंबोलीच्या बाजूनें झाला आणि घाटावरील कापूस बैलगाड्यांनीं या बंदरांत उतरूं लागला. विसाव्या शतकांत मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या आगबोटी येथें थांबत. मुंबईच्या गिरण्यांत व कचेऱ्यांत काम करणारा चाकरमानी गणपतीस याच बंदरांत उतरे.

नंतर रस्ते सुधारले, आगबोटी बंद पडल्या. २६ जानेवारी १९९८ रोजीं कोंकण रेल्वे सर्व मार्गावर धांवूं लागली. पण तिचा लोहमार्ग किनारा सोडून आंतल्या बाजूनें गेला. ज्या धक्क्यावर हमाल, व्यापारी व उतारू यांची रेटारेटी चाले, तेथें आतां मासेमारीच्या होड्या व संध्याकाळीं फिरावयास आलेलीं चार माणसें दिसतात. म्हणजे ज्या शांततेसाठीं आपण दोन दिवसांचा प्रवास करून येतों, ती या गांवानें आपला व्यापार गमावून मिळविलेली आहे. कोंकणांतील कित्येक घरांना कुलूप असतें, अंगणांत पाचोळा साचलेला असतो आणि घरचीं माणसें मुंबईस असतात. आपणांस जें निवांतपण वाटतें, तें मागें राहिलेल्या म्हाताऱ्यांना एकाकीपण वाटत असेल. या गोष्टीची आठवण मीं मुद्दाम आरंभींच करून देतों, कारण पाहुण्यानें येथें कसें वागावें, पैसा कोठें खर्च करावा, याचा निर्णय तिच्यावरून करतां येतो.

पहिल्या दिवशीं संध्याकाळीं बंदरावर जावें. धक्क्याशेजारच्या टेकडीवर बंदराचें दीपगृह आहे. आधीं वाळूवर उभें राहून क्षितिज पाहावें व मग टेकडी चढून तेंच पुन्हां पाहावें. पाण्याच्या कडेशीं उभ्या असलेल्या सामान्य उंचीच्या माणसास दिसणारें क्षितिज अवघें साडेचार किलोमीटर दूर असतें. उंची वाढली कीं तेंहि मागें सरतें. वायव्येस सुमारें चौदा किलोमीटरांवर समुद्रांतून वर आलेले खडक आहेत. त्यांना वेंगुर्ला रॉक्स म्हणतात. वाळूवरून त्यांचा केवळ माथा दिसण्याचा संभव, टेकडीवरून मात्र हवा स्वच्छ असल्यास ते नीट दिसतात. पृथ्वी वाटोळी आहे हें शाळेंत पाठ केलेलें वाक्य मुलांना येथें पायांनीं पडताळून पाहतां येतें. अंधार पडल्यावर खडकावरील दीपगृहाचा प्रकाश ठराविक अंतरानें चमकूं लागतो. तो पाहून झाला म्हणजे डचांच्या वखारीचे अवशेष दुसऱ्या दिवशीं उजेडीं पाहण्यासाठीं राखून ठेवावेत. भिंती पडक्या आहेत, झाडोरा माजतो. तरी एका युरोपीय व्यापारी कंपनीनें साडेतीनशेंहून अधिक वर्षांपूर्वीं येथें किती भक्कमपणें पाय रोवले होते, तें त्या भिंतींच्या जाडीवरून कळतें.

समुद्राशीं ओळख करून घ्यावयाची तर त्याचें वेळापत्रक ठाऊक हवें. त्यासाठीं घड्याळापेक्षां पंचांग अधिक उपयोगीं पडतें. कोंकणांत एक जुना ठोकताळा आहे : तिथीच्या आंकड्याची पाऊणपट करावी, म्हणजे भरती पुरी होण्याचा तास निघतो. चतुर्थी असल्यास चाराची पाऊणपट तीन. तेव्हां दुपारीं व पहांटे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीस सहा, द्वादशीस नऊ. बंदरपरत्वें यांत थोडाफार फरक पडतो. तथापि फिरावयास जाण्यापुरता हा हिशेब पुरतो. भरतीनंतर सहा तासांनीं ओहोटी पुरी होते. अमावास्या व पौर्णिमा यांच्या आसपास पाणी सर्वांत वर चढतें व सर्वांत दूर हटतें, त्यास उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास चढउतार कमी, त्यास भांग म्हणतात. म्हणून पौर्णिमेच्या संध्याकाळीं वाळूचें मैदान मोठें मिळेल आणि अष्टमीच्या संध्याकाळीं लाटा पायांशीं येतील. ज्या घरांत एकादशी-चतुर्थी पाळतात, तेथील आजींना हा हिशेब नातवंडांपेक्षां लवकर येईल, यांत शंका नाहीं.

आतां एक सावधगिरीची गोष्ट सांगणें प्राप्त आहे. आपल्याकडचीं मुलें पोहावयास शिकतात तीं विहिरींत. विहिरीचें पाणी खोल असलें तरी जागच्या जागीं असतें. समुद्राचें पाणी चालतें. दरवर्षीं कोंकणच्या किनाऱ्यावर बुडून मरणाऱ्यांत घाटावरून आलेले, पोहतां येणारे तरुण असतात. लाटा किनाऱ्यावर जें पाणी आणून टाकतात, तें कोठून तरी परत जावयाचेंच; तें एखाद्या अरुंद वाटेनें वेगानें आंत ओढलें जातें. ही वाट ओळखण्याची खूण अशी कीं, दोन्ही बाजूंस लाटा फुटत असतात आणि मधल्या पट्ट्यांत त्या फुटत नाहींत. पाणी तेथें शांत व किंचित गडद दिसतें. नवखा माणूस शांत पाणी पाहून नेमका तेथेंच उतरतो. अशा ओढींत सांपडल्यास किनाऱ्याकडे तोंड करून तिच्याशीं झगडूं नये, शक्ति संपते. किनाऱ्याला समांतर, आडवें पोहावें; पट्टा अरुंद असतो, त्याच्या बाहेर पडतां येतें, आणि मग लाटांबरोबर परतावें. कोळी बांधवांनीं ज्या ठिकाणीं उतरूं नका म्हणून सांगितलें, तेथें उतरूं नये. गुडघाभर पाण्यांतहि समुद्रस्नानाचा आनंद पुरेपूर मिळतो.

दुसऱ्या दिवशीं पहांटे उठावें व रापण लागते कां याची चौकशी करावी. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढावयाचें भलें मोठें जाळें. त्याचें एक टोंक वाळूवर माणसांच्या हातीं असतें. दुसरें टोंक घेऊन होडी समुद्रांत अर्धवर्तुळ घालते आणि पुढें थोड्या अंतरावर किनाऱ्यास लागते. मग दोन्ही दोर पंचवीस-तीस माणसें, कधीं त्याहून अधिक, एका तालांत ओढूं लागतात. दोन्ही रांगा ओढतां ओढतां एकमेकींजवळ येतात आणि अखेरीस जाळ्याचा घोळ वाळूवर येतो. त्यांत कधीं रुपेरी बांगड्यांची रास असते, कधीं मूठभर तारली व जेलीफिश. मिळालेल्या मासळीचे वांटे ठरलेल्या रीतीनें होतात. होडीचा वांटा, जाळ्याचा वांटा, हातांचा वांटा. यंत्राच्या बोटी खोल समुद्रांतच मासे उपसूं लागल्यापासून किनाऱ्याच्या या जाळ्यांत येणारी मासळी रोडावली आहे आणि त्यावरून कोळ्याकोळ्यांत तंटेहि झाले आहेत. तरी रापण ओढतांना कोणी पाहुणा दोराला हात लावूं इच्छील, तर त्यास बहुधा कोणी नाहीं म्हणत नाहीं. अर्धा तास दोर ओढल्यावर बाजारांत मासळीची किंमत करतांना आपली जीभ जरा कमी चालते, हा त्या व्यायामाचा मोठा लाभ होय.

त्याच दिवशीं उतरत्या उन्हांत मांडवीच्या खाडींत होडींतून फिरावें. २०१७ सालीं येथील स्वामिनी या बचतगटाच्या स्त्रियांनीं पाहुण्यांना वल्हवीत नेऊन कांदळवन दाखविण्याचें काम सुरू केलें. मासे विकणें हा ज्या घरांतील स्त्रियांचा पिढीजात व्यवसाय, त्यांनीं वल्हें हातीं घेतलें व स्वतःच्या खाडीची माहिती परक्यांना सांगण्याची विद्या मिळविली. खाऱ्या चिखलांत वाढणारीं हीं झाडें पाहिल्याखेरीज खरीं वाटावयाचीं नाहींत. तिवराचीं मुळें श्वास घेण्यासाठीं चिखलांतून वर येतात व भाल्यांसारखीं उभीं राहतात. कांदळाच्या बीला झाडावर असतांनाच मोड येतो आणि तो वीतभर लांब झाल्यावर खालीं पडून चिखलांत रुजतो. या मुळांच्या जाळींत कोळंबी व माशांचीं पिलें वाढतात. कांदळवन तोडल्यास कोळ्याच्या जाळ्यांत काय येणार नाहीं, हें ती वल्हविणारी बाई आपणांस दोन वाक्यांत समजावून देईल.

शेतकरी कुटुंबांनीं येथील फळसंशोधन केंद्र चुकवूं नये. १९५७ सालीं स्थापन झालेलें हें केंद्र आतां दापोलीच्या बाळासाहेब सावंत कोंकण कृषि विद्यापीठाच्या कक्षेंत आहे. नीलम व हापूस यांच्या संकरानें तयार केलेला रत्ना आंबा येथला. रत्ना व हापूस यांच्या संकरांतून निघालेला, अगदीं पातळ बाठ्याचा सिंधु आंबा येथलाच. वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ या नांवांनीं लावल्या जाणाऱ्या काजूच्या जाती याच गांवाचें नांव घेऊन दूरवर गेल्या. काजू मूळचा ब्राझीलचा. पोर्तुगीजांच्या गलबतांतून तो आला आणि कोंकणच्या कातळावर असा रुजला कीं आज तो घरचाच वाटतो. २०१२-१३ च्या दुष्काळांत ज्या जालना जिल्ह्यानें आपल्या मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळतांना पाहिल्या, तेथील माणसास एक कलम सिद्ध करण्यामागें किती वर्षांचें काम असतें तें निराळें सांगावयास नको. जवळपासच्या एखाद्या काजूच्या कारखान्यांतहि परवानगी घेऊन डोकवावें. काजूच्या टरफलांत कातडी भाजून काढणारें तेल असतें. त्यांतून अखंड गर सोडविणें हें बहुतेक स्त्रियांचें, सरावाचें व जपून करावयाचें काम आहे. तें एकदां पाहिलें म्हणजे काजू महाग कां, हा प्रश्न पुन्हां पडत नाहीं.

आणखी एक स्थळ सांगतों, त्याला कोणी हंसूं नये. तें म्हणजे गांवाचा कचरा नेऊन टाकण्याची जागा. २०१५ च्या सुमारास वेंगुर्ल्याच्या नगरपरिषदेनें घरोघरचा कचरा वीसहून अधिक प्रकारांनीं वेगळा करण्यास आरंभ केला. ओल्या कचऱ्यापासून वायु व खत, प्लास्टिकचे तुकडे रस्त्याच्या डांबरांत, असा एकेकाचा विनियोग लावला. आणि जेथें नाक धरून जावें लागे, तेथें झाडें लावून पाहुण्यांस बोलाविलें. दुसऱ्या गांवचे लोक हें काम पाहण्यासाठीं येऊं लागले. पर्यटन-स्थळांच्या यादींत किल्ला, देऊळ व धबधबा यांच्या जोडीला उकिरड्यानें जागा मिळवावी, ही गोष्ट सुधारणेच्या पुष्कळ व्याख्यानांपेक्षां बोलकी आहे.

तिसरा दिवस दक्षिणेकडच्या गांवांसाठीं ठेवावा. मोचेमाडची खाडी ओलांडली कीं आरवली लागतें. तेथील वेतोबा हा गांवाचा राखणदार. हा देव रात्रीं गांवाभोंवतीं फिरतो व चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा असल्यामुळें भाविक त्याला हातभर लांबीच्या चामड्याच्या वहाणा वाहतात, केळ्यांचे घड अर्पण करतात. मंदिरांत ठेवलेल्या त्या प्रचंड वहाणा लहान मुलें जन्मभर विसरणार नाहींत. जयवंत दळवी हे याच आरवलीचे. ‘सारे प्रवासी घडीचे’ या त्यांच्या पुस्तकांत या मुलखांतील माणसें भेटतात. मंगेश पाडगांवकर यांचा जन्महि १९२९ सालीं वेंगुर्ल्यासच झाला. पुस्तक आधीं वाचून मग गांव पाहावें, किंवा गांव पाहून आल्यावर पुस्तक वाचावें. कोणत्याहि क्रमानें लाभच आहे.

आरवलीपुढें शिरोडें. वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ पर्यंत येथील शाळेंत शिक्षक होते. ज्या लेखकास पुढें १९७४ चें ज्ञानपीठ पारितोषिक मिळालें, त्याच्या उमेदीचीं अठरा वर्षें या लहानशा गांवांतील मुलांना शिकविण्यांत गेलीं. शिरोड्याचीं मिठागरें अवश्य पाहावींत. समुद्राचें पाणी एका वाफ्यांतून दुसऱ्या वाफ्यांत सोडीत नेतात, ऊन व वारा त्यांतील पाणी उडवून नेतात आणि शेवटच्या वाफ्यांत मिठाचे खडे धरतात. ते फळीनें ओढून ढीग लावतात. याच मिठासाठीं १९३० च्या मे महिन्यांत महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांतून आलेल्या सत्याग्रहींनीं येथें कायदेभंग केला व लाठ्या खाल्ल्या. दांडीचें नांव सर्वांस ठाऊक असतें; शिरोड्याचें ठाऊक असणारे थोडे. घरांतील मुलांना वाफ्याच्या कडेला उभें करून ही हकीकत सांगावी. चिमूटभर मिठासाठीं माणसें तुरुंगांत कां गेलीं, हें पाठ्यपुस्तकांपेक्षां तेथें लवकर समजतें. पुढें रेडीला खाणीच्या जागेंत १९७६ सालीं सांपडलेली गणपतीची मूर्ति व यशवंतगडाची पडकी तटबंदी आहे. वेळ उरल्यास तींहि पाहावींत.

त्या रात्रीं कोठें जत्रा आहे काय, याची चौकशी करावी. कार्तिकी पौर्णिमेपासून या बाजूस गांवोगांवच्या देवळांच्या जत्रा सुरू होतात आणि प्रत्येक जत्रेस दशावतारी नाटक हवेंच. रंगमंच म्हणजे देवळापुढचें अंगण, पडदा जवळजवळ नाहींच. गणपति, ऋद्धिसिद्धि येऊन जातात. काळ्या वेषांतला संकासुर मालवणी बोलींत लोकांस हंसवितो. नंतर पुराणांतील एखादें आख्यान पहांटेपर्यंत चालतें. संवाद लिहिलेले नसतात. कथेचा सांगाडा ठरवून घेतात आणि पायपेटी, मृदंग व झांज यांच्या साथीनें नट उभ्या उभ्या बोलत राहतात. स्त्रियांच्या भूमिका पुरुष करतात, आणि दिवसा शेतांत राबणारा माणूस रात्रीं द्रौपदी होऊन अशा शुद्ध, भारदस्त मराठींत प्रश्न विचारतो कीं शहरांतील शिकलेल्या माणसानें खालीं पाहावें. बसावयास सतरंजी व अंगावर घ्यावयास शाल मात्र बरोबर असावी.

चौथा दिवस वायंगणीच्या किनाऱ्याचा. ऑलिव्ह रिडले जातीचीं कासवें हिवाळ्यांत रात्रीं वाळूवर येतात, खड्डा करून शंभराच्या आसपास अंडीं घालतात, खड्डा बुजवून समुद्रांत परत जातात. सुमारें पन्नास दिवसांनीं पिलें बाहेर पडतात व प्रकाशाच्या दिशेनें, म्हणजे चांदण्यांत उजळलेल्या पाण्याकडे, धांवूं लागतात. पूर्वीं हीं अंडीं खाण्यासाठीं नेलीं जात. पुढें गांवकऱ्यांनींच घरट्यांचें राखण पत्करलें व कासव जत्रा भरविली. आपल्या अनेक देवळांच्या सभामंडपांत देवासमोर दगडी कासव असतें आणि आपण त्याला नमस्कार करून आंत जातों. जिवंत कासवाच्या बाबतींत नमस्काराची रीत एवढीच कीं, हातांतील दिवा विझवावा, आवाज करूं नये, पिलूं उचलूं नये. दिव्यानें दिशा चुकून तीं पाण्याऐवजीं रस्त्याकडे जातात.

समुद्रांतील त्या खडकांविषयींहि हेंच म्हणतां येईल. तेथील अंधाऱ्या गुहांत पाकोळ्या स्वतःच्या लाळेनें घरटीं बांधतात व आपल्याच आवाजाच्या प्रतिध्वनीवरून अंधारांत वाट काढतात. पक्षिशास्त्रज्ञ हुमायून अब्दुलअली यांनीं १९४२ सालीं या पाकोळ्यांवर व तेथील सुरय पक्ष्यांवर लेख लिहिला. या घरट्यांचें सूप परदेशांत मोलानें विकलें जातें; त्यामुळें तीं चोरून नेण्याचा धंदा येथें चालला होता आणि पुढें कायद्यानें त्या पक्ष्यांना संरक्षण द्यावें लागलें. तेव्हां खडकांवर उतरण्याचा हट्ट धरूं नये. टेकडीवरून, दुर्बिणींतून त्यांचें दर्शन घ्यावें.

जेवणाची आबाळ होणार नाहीं. मत्स्याहारी मंडळींना तिरफळ घातलेली बांगड्याची आमटी व सोलकढी. शाकाहारी मंडळींना फाल्गुनांत ओल्या काजूची उसळ, फणसाची भाजी, नारळाच्या रसांतले शिरवाळे. सकाळीं घावणे किंवा उकड्या तांदळाची पेज. शक्य तों एखाद्या घरांतच उतरावें, तेथेंच जेवावें. ज्या घराचें कुलूप निघून पाहुण्यांसाठीं दोन खोल्या झाडल्या जातात, त्या घरांतला एखादा मुलगा मुंबईहून परत येण्याचा संभव असतो.

१९९७ सालीं सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. त्याचा अर्थ काय लावावयाचा, याबद्दल मात्र एकमत नाहीं. शिरोड्याच्या वेळागर किनाऱ्यावर मोठ्या हॉटेलासाठीं घेतलेल्या जमिनीचा वाद वर्षानुवर्षें चालला, त्यांत हाच प्रश्न होता. एक पक्ष म्हणतो, मोठें भांडवल आल्यावांचून गांवांत काम येणार नाहीं. दुसरा म्हणतो, तें आल्यावर गांव आमचें राहणार नाहीं. बाहेरच्या माणसानें यावर निवाडा देण्याचें कारण नाहीं. पण आपण प्रत्येकजण तेथें कांहीं रुपये खर्च करतों, तें एक प्रकारचें मतच होय. वल्हविणाऱ्या बाईस, काजू सोलणारीस, घरगुती खानावळीस व दशावताराच्या पेटाऱ्यास दिलेला रुपया गांवांत फिरतो. आणि जी शांतता आपण उपभोगतों ती राखावयाची तर आपला कर्णा, आपला प्रखर दिवा आणि आपल्या रिकाम्या बाटल्या यांना तेथें स्थान नाहीं.

समुद्र कोणासाठीं निराळा होत नाहीं. तो मुंबईस आहे तोच येथेंहि आहे. परंतु येथें त्याच्यावर जगणारीं माणसें दिसतात, त्याचें मीठ, त्याचे मासे, त्याचा चिखल व त्याचें भय हीं सारीं जवळून कळतात. तीर्थपुरीच्या एखाद्या कुटुंबानें यंदाच्या हिवाळ्यांत असे चार दिवस काढावेत. निघतांना पंचांग बरोबर घ्यावें, म्हणजे भरतीची वेळ कोणास विचारावी लागणार नाहीं. आणि परततांना पिशवींत काजू असावेत, पण ते कोणी सोलले याची आठवणहि त्यांच्याबरोबर घरीं न्यावी.